पश्चिमेची भिंत

कर्जतचा पाऊस वरून पडतो असं म्हणणारा माणूस पावसाळ्यात कर्जतला राहिलेला नसतो. इथला पाऊस पश्चिमेकडून येतो, तिरका येतो, आणि छपरापेक्षा भिंतीवर जास्त राग काढतो. एका बाजूला इर्शाळ, प्रबळ, माथेरानची रांग. दुसऱ्या बाजूला राजमाची, ढाक आणि पुढे भीमाशंकरपर्यंत गेलेले कडे. मधल्या खोलगट पट्ट्यात कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके. समुद्रावरून आलेला वारा या पट्ट्यात शिरला की चार महिने पाणी आडवं उडत राहतं. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, खाली कर्जतला त्याहून कमी, तरी तीन हजारांच्या वर. पण घराच्या दृष्टीने आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. एकाच घराची पूर्वेची भिंत ऑगस्टमध्ये कोरडी ठणठणीत असते आणि पश्चिमेच्या भिंतीवर बोट टेकवलं तर रंगाचा पोपडा बोटाला चिकटून येतो.

आगोटीच्या दिवसांत, म्हणजे अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंत, कर्जत, नेरळ, चौकच्या बाजारांत निळ्या ताडपत्र्या आणि काळा प्लास्टिक कागद ढिगाने लागतो. हा माल वर्षानुवर्षं वाड्यांवरची आणि गावांतली माणसं नेत आली. अलीकडे त्या गर्दीत आणखी एक गिऱ्हाईक उभं असतं : फार्महाऊसचा केअरटेकर. त्याच्या मोबाइलमध्ये एका भिंतीचा फोटो असतो. बोर्ड खालून फुगलेला, कड सुटलेली, रंग फाटलेला. तो फोटो त्यानेच काढून मुंबईला मालकाला पाठवलेला असतो आणि मालकाचं उत्तर आलेलं असतं, ‘सध्या झाकून टाक.’ म्हणून तो दुकानदाराला विचारतो, एवढ्या भिंतीला किती मीटर लागेल? ज्या भिंतीला ‘मेन्टेनन्स फ्री’ म्हणून विकलं गेलं, ती अशी प्लास्टिक पांघरून पावसाळा काढते. केअरटेकर बहुधा जवळच्या वाडीतलाच असतो. त्याच्या स्वतःच्या घराच्या कुडाचं काम त्याने आधीच उरकलेलं असतं.

बोर्डाची घरं या भागात का वाढली ते समजायला फार अक्कल लागत नाही. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून दोन-अडीच तासांत पोचता येतं. उताराच्या प्लॉटवर विटांचं बांधकाम करायचं तर पाया, वाळू, गवंडी, पाणी सगळं वर न्यायचं. त्यापेक्षा लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्याला बाहेरून बोर्ड मारायचे, आतून जिप्सम, आणि दिवाळीला पाया घातलेलं घर गुढीपाडव्याला तयार. वर लाकडाच्या रेषा उमटवलेल्या असल्या की फोटोत स्वित्झर्लंड दिसतं. माथेरानवर तर गाड्यांना बंदीच आहे. दस्तुरीपासून पुढे सामान घोड्यावर नाहीतर हातगाडीवर जातं, आणि आठ बाय चार फुटांचा बोर्ड घोड्यावर बसत नाही. तिथे हातगाडीवाला ठरवतो कोणता बोर्ड अख्खा पोचेल.

बाजारात बोर्ड म्हणून जे मिळतं त्यात दोन वेगळ्या जाती आहेत आणि सगळा घोटाळा त्यांच्या सरमिसळीतून होतो. एक जात लाकडाच्या तंतूंची : हार्डबोर्ड, एमडीएफ, एचडीएफ, आणि सध्या सुतारांच्या तोंडी असलेला एचडीएचएमआर. दुसरी सिमेंटची : फायबर सिमेंट बोर्ड, सिमेंट पार्टिकल बोर्ड. पहिली जात मुळात घराच्या आत वापरायची. एचडीएचएमआरच्या नावात ओलाव्याला तोंड देण्याची हमी आहे, पण तो ओलावा स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा. जुलैतल्या खांडसचा पाऊस त्या हमीत बसत नाही. तरीही हा माल बाहेरच्या भिंतीला लागलेला दिसतो, कारण तो कापायला सोपा, वजनाला बरा आणि ठेकेदाराच्या गोदामात आधीच पडून असतो.

हार्डबोर्ड आपल्या घरांत नवा नाही. परीक्षेला नेलेलं चॉकलेटी पॅड हार्डबोर्डचं. देवाच्या तसबिरीची पाठ हार्डबोर्डची. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओमागचा भोकाभोकांचा पत्रा वाटावा असा तुकडाही हार्डबोर्डचाच. ज्याचं असं पॅड कधी पावसात भिजलं असेल त्याला पुढचं सगळं सांगायची गरज नाही : मधला भाग गुळगुळीत राहतो, कड मात्र फुगून दुप्पट जाड होते, पदर सुटतात, आणि वाळल्यावरही ती पूर्ववत होत नाही. वर्षभर भिंतीला लावलेल्या बोर्डाचं हेच होतं, फक्त सावकाश.

या बोर्डाचा जन्म अमेरिकेतला. मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी विल्यम मेसन नावाच्या, एके काळी एडिसनकडे काम केलेल्या माणसाने १९२४ साली लाकडाचे तुकडे वाफेच्या दाबाखाली कोंडून एकदम मोकळे सोडले. तुकडे फुटून त्यांचे तंतू झाले. ते तंतू गरम दाबयंत्रात दाबल्यावर, बाहेरून गोंद न घालता, लाकडातल्याच लिग्निनच्या जोरावर घट्ट पाटी तयार झाली. करवतीखाली वाया जाणाऱ्या लाकडाला भाव आला. पुढे तिथे घरांच्या बाहेरच्या भिंतींचं आवरण म्हणून, ज्याला न्यू जर्सीत स्थायिक झालेले आपले पुतणे-भाचे ‘साइडिंग’ म्हणतात, हाच बोर्ड लाखो घरांवर चढला. आणि त्यातल्या कितीतरी घरांवर फुगला, बुरशीला लागला, सडला. मेसनच्याच नावाने चालणाऱ्या कंपनीविरुद्ध घरमालकांनी एकत्रित दावा केला. १९९६ साली अलाबामातल्या मोबिल शहरातल्या ज्युरीने माल सदोष ठरवला, आणि १९९८ साली तडजोड होऊन १९८० पासून हा बोर्ड लावलेल्या घरांना भरपाईची वाट मोकळी झाली. कंपनीचं म्हणणं होतं की लावणाऱ्यांनी नीट लावला नाही आणि मालकांनी रंग दिला नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. जो माल जरासा चुकीचा लावला की सडतो, तो सामान्य माणसाला विकावा का हा प्रश्न उरतोच. पण लावणारेही चुकले होते, आणि नेमक्या त्याच चुका आज कडावच्या आणि खोपोलीच्या रस्त्यावर मला दिसतात.

त्या चुका कुठे होतात ते पाहायला कर्जतजवळच्या कोंढाणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगलीत गेलो. पश्चिमेच्या भिंतीची खालची ओळ उतरवायचं काम चालू होतं. सुतार इथलाच, पन्नाशीचा, वडिलांच्या हाताखाली वासे-तुळया घडवत शिकलेला. आता कमरेला ड्रिल. त्याने सर्वांत आधी ड्रिल नव्हे, फावडं मागितलं. मालकाने हौसेने लावलेली लॉन वर्षागणिक माती चढून भिंतीला टेकली होती आणि बोर्डाचा पायाकडचा चार बोटं भाग मातीत गाडला गेला होता. माती ओढल्यावर बोर्डाची कड दिसली. पटाशीचं टोक त्यात लोण्यासारखं शिरलं. ‘वरून पाऊस किती का पडंना,’ तो म्हणाला, ‘ह्यो खालून पाणी पितोय.’

नियम जुना आणि सोपा आहे : तंतूंच्या बोर्डाची खालची कड जमिनीपासून निदान सहा इंच वर हवी. कर्जतच्या पावसात मी म्हणेन नऊ हव्यात, कारण पागोळी जमिनीवर आपटून उडणारं पाणी गुडघ्याच्या खालपर्यंत भिंत भिजवतं. पण घर बांधताना सोडलेली ही उंची पुढे माळी, कुंड्या, फरशीचा नवा थर आणि हौस मिळून खाऊन टाकतात. वाळवीलाही तोच पूल मिळतो.

मग त्याने स्क्रू काढायला घेतले. निम्मे स्क्रू फिरेनात. डोकी गंजून गेली होती. ते काळे स्क्रू होते, आतल्या जिप्समला मारायचे. त्यांच्यावर असतो तो नुसता काळा लेप, जस्ताचा मुलामा नव्हे. एका पावसाळ्यात त्यांना तांबूस घाम फुटतो आणि रंगाखालून डाग उतरतात. बाहेरच्या भिंतीला जस्त चढवलेले, आणि परवडत असतील तर स्टेनलेसचे स्क्रू लागतात. दोन्हींच्या किमतीतला फरक अख्ख्या भिंतीमागे एका जेवणावळीइतकाही पडत नाही, पण ठेकेदार तिथेच हात आखडतो, कारण ते कुणाला दिसत नाही.

याहून बारीक आणि जास्त महागात जाणारी चूक म्हणजे डोकं खोल मारणं. ड्रिलचा जोर जास्त ठेवला की स्क्रूचं डोकं बोर्डाचा वरचा कडक पापुद्रा फोडून आत जातं. सुताराला ते बरं वाटतं, कारण त्या खड्ड्यात पुट्टी भरली की भिंत सपाट. पण तो पापुद्रा हीच बोर्डाची कातडी. एकदा फुटली की प्रत्येक स्क्रू म्हणजे पाणी आत जायचं एक दार. त्या भिंतीवर प्रत्येक डोक्याभोवती रुपयाएवढा फुगवटा होता, सरळ ओळीत, हात-हात अंतरावर. डोकं पृष्ठभागाशी जेमतेम सपाट बसलं पाहिजे. जास्त गेलंच तर पुट्टीने दडपण्याऐवजी तो खड्डा बाहेरच्या कामाच्या सीलंटने बंद करून वर रंग द्यायचा. कडेपासून निदान अर्धा इंच आत स्क्रू हवा, नाहीतर टोक फुटतं. आणि स्क्रू मागच्या सांगाड्यात बसला पाहिजे; नुसत्या बोर्डाला बोर्ड पकडून ठेवणारा स्क्रू पहिल्या वादळात हातात येतो.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० ची दुपार रायगड जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. किनाऱ्यावर त्याने माडाची आणि सुपारीची बनं आडवी केली, आणि आत डोंगरापर्यंत पत्रे उडाले. असा वारा भिंतीला नुसता ढकलत नाही. घराच्या कोपऱ्याला वळसा घालताना तो आडोशाच्या बाजूचे बोर्ड बाहेरच्या दिशेने ओढतो. म्हणून भिंतीच्या मध्यापेक्षा कोपऱ्यांवर स्क्रू दाट लागतात. बहुतेक ठिकाणी याच्या उलट दिसतं : मध्यावर मन लावून केलेलं काम, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली.

आता जो भाग सगळ्यांत कमी लोकांना पटतो, तो. सुताराने मला दोन बोर्डांमधला सांधा दाखवला. अंगाला अंग लावून, पोस्टकार्डही जाणार नाही असा. मालकाला अशी सफाई आवडते. पण हवेत ओल वाढली की तंतूंचा बोर्ड लांबीत वाढतो आणि शेजाऱ्याला ढकलतो. जागा नसली की दोघेही पोट काढून बाहेर येतात. सिमेंटचा बोर्डही थोडाफार हलतो. म्हणून दोन बोर्डांमध्ये, तसंच खिडकीच्या चौकटीशी, तीन ते पाच मिलिमीटर फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरायची. पांढरी पुट्टी तिथे भरली की पहिल्या उन्हाळ्यात केसभर चीर पडते, आणि केसभर चीर पाण्याला पुरते.

पण प्रत्येक फट बंद करायची नसते, आणि इथे शहाणी माणसंही फसतात. भिंतीच्या तळाला, बोर्ड संपतो तिथे, आत अंधारी पोकळी दिसते. पाल, उंदीर, क्वचित साप शिरेल या धास्तीने केअरटेकरला सिलिकॉनची नळी देऊन ती बुजवायला सांगितलं जातं. वरून, खिडकीच्या कोपऱ्यातून, स्क्रूच्या भोकातून थोडं पाणी बोर्डाच्या मागे जाणारच. इतक्या पावसात ते न जाणं शक्य नाही. त्याला खाली उतरून बाहेर पडायला वाट लागते. ती बुजवली की पाणी बोर्डाच्या पाठीशी साचतं, आणि पाठीला रंग कुणी दिलेला नसतो. तिथे बारीक जाळी लावावी. साप थांबतो, पाणी जातं. त्या बंगलीत तळ सिलिकॉनने नीट, हौसेने, एकसारखा बुजवलेला होता. खालचा बोर्ड उतरवला तेव्हा मागून करड्या बुरशीचा वास आला आणि सांगाड्याच्या सेक्शनवर पाण्याची रेघ होती.

सुताराने नवा बोर्ड भिंतीला लावण्याआधी घोड्यांवर आडवा ठेवला आणि त्याला सहाही बाजूंनी प्रायमर दिला : पुढे, पाठीला आणि चार कडांना. कापलेल्या कडेला दोन हात. रंगारी भिंतीवर चढलेल्या बोर्डाला पुढूनच रंग देऊ शकतो, कडा आणि पाठ तेव्हाच हातची गेलेली असते. हे एक काम जमिनीवरच होतं, किंवा होत नाही. खालच्या कडेला त्याने ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून लावली, तिचं टोक बाहेरच्या अंगाला किंचित झुकतं, म्हणजे थेंब तिथून सुटून खाली पडेल, मागे वळणार नाही. दुपारचं जेवण होईपर्यंत त्या भिंतीचे तीन बोर्ड झाले होते. ‘असंच सगळं केलंत तर किती दिवस जातील?’ मी विचारलं. ‘आधीच असं केलं असतं तर मी इथं आलोच नसतो,’ तो म्हणाला.

कोंढाण्याहून परतताना वाडीतल्या एका घराची पश्चिमेची भिंत पाहायला थांबलो. कूड कारवीचा. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारं हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं, डोंगर निळा-जांभळा करतं आणि मरतं. त्याच्या काठ्या बोटाएवढ्या जाड, सरळ आणि अंगाने खरखरीत असतात. गुळगुळीत बांबूवरून चिखल सुटतो, कारवी तो धरून ठेवते. काठ्या उभ्या लावून बांबूच्या कांबींनी आडव्या आवळायच्या, पूर्वी वेलीने, आता बहुधा तारेने, आणि माती, शेण, भाताचा तूस किंवा कापलेला पेंढा एकत्र मळून गिलावा चढवायचा. तूस का, तर माती वाळताना आक्रसते. त्यात मध्ये मध्ये धागे असले की एक मोठी भेग पडण्याऐवजी शंभर बारीक पडतात आणि सारवणात बुजतात. बोर्डाच्या फटीचा प्रश्न कुडाने अशा रीतीने सोडवला आहे.

पावसाच्या तोंडावर या भिंतीला बाहेरून आणखी एक अंग चढतं. पेंढ्याची, गवताची, सागाच्या किंवा पळसाच्या पानांची झड बांधून घ्यायची, ती पावसाळा संपला की काढून टाकायची. महाबळेश्वरच्या साहेबी बंगल्यांच्या भिंतीही पूर्वी पावसाळ्याआधी गवताने मढवत. इथे आता पानांच्या जागी काळं प्लास्टिक आलं आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही. पान गोळा करायला जंगलात जावं लागतं आणि त्याला वेळ, परवानगी, शरीर सगळं लागतं. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या आणि तशाच इतर बुटक्या सुधारित जातींनी भात भरपूर दिलं, पण बुटक्या भाताचा पेंढाही आखूड. झड बांधायला लांब पेंढा लागतो. हा हिशेब कुणी मांडत नाही, पण घराच्या भिंतीवर तो दिसतो.

दिवाळीनंतर प्लास्टिक निघतं, भिंत उन्हं खाते, पायाकडचा वीतभर भाग, जिथे पागोळीच्या पाण्याचे शिंतोडे बसतात तो, नव्याने लिंपला जातो. कारवी सडली असेल तर तेवढ्या काठ्या बदलतात. अख्खी भिंत एकदम कधीच बदलत नाही आणि अख्खी भिंत कधी जुनीही होत नाही. दरवर्षी काम आहे, पण ते हातातल्या सामानाने, घरातल्या माणसांनी, ठरलेल्या आठवड्यात होतं. यात गोड काही नाही. कूड अंधारा असतो, त्यात ढेकूण-विंचू होतात, आणि ज्याला पक्कं घर मिळेल तो कूड सोडणारच. आदिवासींसाठीची शबरी घरकुल योजना आहे ती कुडाच्या घराला कच्चं धरूनच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर उतरला, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. तिथे भिंत कशाची होती याला अर्थ नव्हता. ती घरं कुठे होती याला होता. वाचलेली कुटुंबं आधी चौकजवळच्या कंटेनरच्या घरांत राहिली, मग सिडकोने बांधलेल्या पक्क्या घरांत. त्या घरांना पेंढ्याची झड लागणार नाही, आणि तिथे वाढणाऱ्या मुलांना ती बांधताही येणार नाही. म्हणून कूड जपा असा गळा काढण्यात मला रस नाही. मला खटकतं ते इतकंच की ज्या माणसाला पश्चिमेच्या भिंतीचं वर्षाचं काम जन्मापासून माहीत आहे, त्यालाच केअरटेकर म्हणून ठेवून आपण सांगतो की या भिंतीला काही करावं लागत नाही.

भिंतीला वर्षाचं काम असतं हे याच भागात सिनेमावाल्यांना कळतं. मागे चौकजवळच्या हातनोलीला कला दिग्दर्शक नितीन देसाईंचा स्टुडिओ उभा राहिला, २००५ साली. ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याचे आणि आमेरचे महाल बांधले गेले. सेटच्या भिंती म्हणजे सांगाडा, प्लाय, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग. कॅमेऱ्यापुरतं टिकणं हे त्यांचं ठरलेलं आयुष्य. पावसाळ्यात सेटची काळजी घ्यायला माणसं लागतात हे सिनेमावाल्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं, ते खर्चात धरलेलं असतं. राहत्या घराच्या अंदाजपत्रकात हा रकाना नसतो.

सिमेंटच्या बोर्डाबद्दल थोडं. बाहेरच्या भिंतीला बोर्डच लावायचा असेल तर हाच लावावा असं माझं मत. तो फुगत नाही, वाळवी त्याला खात नाही. त्यातल्या फायबर सिमेंट बोर्डासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १४८६२ हे मानक आहे. बोर्डावर तो आकडा छापलेला पाहून घ्यावा आणि बाहेरच्या कामासाठी आठ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये. पण तोही पाणी शोषतो, म्हणून कडांचा प्रायमर त्यालाही हवा. आणि तो ठिसूळ असतो : कोपऱ्याजवळ भोक आधी पाडून मग स्क्रू, नाहीतर कोपरा हातात येतो. कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट. उघड्यावर, पाणी मारत, तोंडाला नीट मास्क लावून कापावा. रुमाल चालत नाही. दुसरी एक गोष्ट यापेक्षा गंभीर. जुन्या घरांच्या पश्चिमेला, गोठ्यांना, गिरण्यांना जे करडे नागमोडी सिमेंटचे पत्रे ठोकलेले असतात, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. हॅटशेक नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने गेल्या शतकाच्या आरंभी काढलेली ती कृती; आजचे बिनॲस्बेस्टॉसचे बोर्डही त्याच यंत्रावर होतात. ते जुने पत्रे जागच्या जागी शाबूत असेपर्यंत त्यांना हात लावू नये. भोक पाडणं, कापणं, फोडून भरावात टाकणं, तारेच्या ब्रशने घासणं यांतून त्याचे तंतू हवेत जातात. काढायचेच झाले तर भिजवून, अख्खे उतरवावेत.

पाऊस गेला की भिंत नुकतीच वाळू लागलेली असते. बोर्डाची तपासणी करायची ती तेव्हाच. मे महिन्यात फुगवटा आक्रसतो आणि भिंत खोटं बोलते. खालच्या ओळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत जावं. चांगला बोर्ड खणखणीत वाजतो, भिजलेला बद्द. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करावी. स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस डाग, सांध्यातलं सीलंट एका बाजूने सुटलेलं, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला रंग काळवंडलेला, या तीन ठिकाणी डोळा ठेवावा. शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या साबणपाण्याने निघतं. गाड्या धुवायच्या जोराच्या फवाऱ्याने ते निघतं खरं, पण पाणी बोर्डाच्या मागे जातं. ओल्या बोर्डावर लगेच रंग लावू नये, पंधरा दिवस उन्हं खाऊ द्यावी. भिंतीला टेकलेली माती आणि कुंड्या लगेच ओढाव्यात, त्याला पैसे पडत नाहीत. सडलेली खालची ओळ कापून काढायची असेल तर सुताराला तेव्हा सवड असते. रंगाऱ्याला मात्र लवकर गाठावं. तुळशीचं लग्न लागलं की तो लग्नघरांच्या भिंतींवर चढतो आणि मग माघाच्या आत तुमच्याकडे उतरत नाही.